माळ्यावरचा पंखा आणि घरची शांतता
(नभोवाणीवरील भाषण)

भिंतींना कान असतात, ही म्हण आपण सर्वजण जाणतों. भिंतींना तोंडही असतें, ही गोष्ट मात्र स्नानगृहाच्या माळ्यावर पंखा बसविल्याखेरीज सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पंखा फिरतो स्नानगृहाच्या वर. परंतु त्याची घरघर ऐकूं येते ती पलीकडच्या शयनगृहांत, कधीं वरच्या मजल्यावर, तर कधीं शेजाऱ्याच्या उशाशीं. असें कां होतें, आणि घरच्या घरीं, थोड्या खर्चांत तें कितपत आवरतां येतें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

शहरांतील नव्या इमारतींत पुष्कळ स्नानगृहांना बाहेरची भिंतच नसते. मग आंतली वाफ व कोंदटपणा घालविण्यासाठीं, ज्याला आपण एक्झॉस्ट फॅन म्हणतों तो पंखा माळ्यावर बसवितात. छतांतील जाळीपासून एक नळी पंख्यापर्यंत येते आणि दुसरी पंख्यापासून इमारतीच्या डक्टमध्यें किंवा बाहेरच्या भिंतीबाहेर जाते. थंड देशांत उतरत्या छपराखालीं जी मोकळी जागा असते, तेथें तर ही योजना फारच रूढ आहे. इंग्लंडच्या बांधकामनियमांत, अधूनमधून चालणाऱ्या पंख्यानें स्नानगृहांतून सेकंदाला किमान १५ लिटर हवा बाहेर काढली पाहिजे, असें प्रमाणच घालून दिलेलें आहे.

गोंगाट हा केवळ कानाचा त्रास आहे असें कोणीं समजूं नये. पंखा ओरडूं लागला कीं घरांतील माणसें त्याचें बटण दाबीनाशीं होतात. पंखा बंद राहिला कीं वाफ आंतच जिरते, छताला ओल धरते, आणि पावसाळ्यांत त्या ओलीवर काळी बुरशी चढते. दम्याच्या रोग्यास तिचा उपद्रव होतो तो निराळाच. म्हणजे आवाज करणारा पंखा आणि नसलेला पंखा यांत व्यवहारतः फारसा भेद उरत नाहीं. शिवाय रात्रीं अकरा वाजतां कोणी स्नानगृहांत गेलें कीं पलीकडचें तान्हें मूल जागें व्हावयाचें, आणि सकाळीं जिन्यांत शेजाऱ्यांनीं एकमेकांकडे पाहून मान फिरवावयाची, हाही प्रकार आपल्यापैकीं अनेकांच्या परिचयाचा असेल.

प्रथम आवाजाचें मूळ पाहूं. शाळेंत नादाचा धडा शिकवितांना मी एक साधा प्रयोग करून दाखवीत असें. नादकांटा रबरी ठोकळ्यावर आपटून हातांत धरला, तर त्याचा आवाज शेवटच्या बाकावरील मुलास ऐकूं जात नाहीं. त्याच कांट्याचें बूड टेबलाच्या फळीवर टेकलें कीं साऱ्या वर्गांत नाद घुमतो. कांटा तोच, त्याचा कंपही तोच. परंतु फळीचें मोठें अंग हलूं लागल्यामुळें पुष्कळ हवा हालते. तंबोऱ्याच्या तारेला भोपळा हवा असतो तो याच कारणासाठीं. आजच्या घरांत हाच प्रयोग मोबाइलवर करून पाहतां येईल. वाजणारा मोबाइल घडी घातलेल्या पंचावर ठेवा, आणि मग स्टीलच्या ताटांत ठेवा. पंखा जर फळीला, माळ्याच्या पत्र्याला किंवा फॉल्स सीलिंगच्या सांगाड्याला स्क्रूनें घट्ट आवळलेला असेल, तर आपण घरच्या घरीं एक भला मोठा तंबोराच करून ठेविला आहे असें समजावें.

तेव्हां पंख्याचा आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनीं येतो. एक वाट हवेची: पात्यांचा आणि वाऱ्याचा आवाज नळीच्या तोंडांतून खालीं उतरतो. दुसरी वाट घन पदार्थांची: मोटारीचा कंप स्क्रूंतून फळींत, फळींतून भिंतींत आणि भिंतींतून पलीकडच्या खोलींत जातो. या दोन वाटांवरील उपाय अगदीं भिन्न आहेत. बहुतेकांचा पैसा वायां जातो तो एका वाटेचें औषध दुसऱ्या वाटेला दिल्यामुळें.

वाट ओळखावी कशी? त्यास तीन परीक्षा आहेत. पहिली परीक्षा बटणाची. पंखा चालू असतांना बटण बंद करावें आणि कान देऊन ऐकावें. आवाज बटणाबरोबर तत्क्षणीं थांबला, तर तो मोटारीच्या विजेचा गुणगुणाट आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, आणि तिच्यामुळें होणारा गुणगुणाट बहुधा त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० आवर्तनांचा असतो. आवाज पंख्याच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत गेला, तर तो पात्यांचा, वाऱ्याचा किंवा असमतोलाचा आहे. आणि वेग उतरत असतां मध्येंच एका क्षणीं कांहींतरी झणझणून पुनः शांत झालें, तर तेथें अनुनाद आहे; म्हणजे त्या विशिष्ट वेगाशीं एखाद्या वस्तूचा स्वाभाविक कंप जुळतो. ही वस्तु पुष्कळदां पंख्याची नसतेच. माळ्यावर उपड्या घातलेल्या पितळी पातेल्याचा किंवा जुन्या ट्रंकेच्या कडीचाही तो प्रताप असूं शकतो.

दुसरी परीक्षा हाताची. एकानें माळ्यावर पंख्याच्या वेष्टनास, जाळीवर, नळीवर क्रमाक्रमानें तळहात दाबावा आणि दुसऱ्यानें खालीं ऐकावें. जेथें दाबल्यानें आवाज बदलतो, तेथें दोष आहे. तिसरी परीक्षा उशीची. वीज बंद करून पंख्याचे स्क्रू काढावे, त्याच्याखालीं दुमडलेली जाड उशी घालावी, नळ्या जागच्या जागीं ठेवाव्या आणि घटकाभर तो चालवून पाहावा. पलीकडच्या खोलींतील घरघर एकदम ओसरली, तर दोष घन वाटेचा. जशीच्या तशी राहिली, तर हवेच्या वाटेचा. ही परीक्षा पांच मिनिटांची आहे, आणि ती संपतांच उशी काढून घ्यावी. कापूस आणि गरम मोटार यांचा सहवास बरा नव्हे.

येथें आवाजाच्या मोजमापाविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आवाज डेसिबेलमध्यें मोजतात, पण तीं मापें साध्या बेरजेचीं नाहींत. सारख्याच जोराचे दोन आवाज एकत्र आले, तर बेरीज दुप्पट न होतां केवळ ३ डेसिबेलनें वाढते. आणि कानाला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटण्यास सुमारें १० डेसिबेलची घट लागते. याचा अर्थ नीट ध्यानांत घ्या. दोन वाटांनीं सारखाच आवाज येत असेल आणि आपण त्यांतील एक वाट अजिबात बंद केली, तरी कानाला फरक जेमतेम जाणवेल. मग गृहस्थ म्हणतो, "एवढा खटाटोप केला, पण उपयोग शून्य!" उपाय खोटा नसतो, दुसरी वाट उघडी असते. म्हणून मोठ्या दोषापासून आरंभ करावा आणि दुसरा दोष दूर होईपर्यंत धीर सोडूं नये.

आतां उपायांकडे वळूं. पहिला उपाय बिनपैशाचा, तो म्हणजे सफाई. मेन स्विच बंद करून पंख्याचीं पातीं पाहावीं. त्यांवर धुळीचा, केसांचा आणि तेलकट वाफेचा थर बसलेला असतो, आणि तो सर्व पात्यांवर सारखा बसत नाहीं. समजा, मिनिटाला १,३८० म्हणजे सेकंदाला २३ फेरे घेणाऱ्या पंख्याच्या एका पात्यावर, मध्यापासून ८ सेंटिमीटर अंतरावर, केवळ २ ग्रॅम मळ अधिक आहे. हिशेब केला तर त्या दोन ग्रॅमांची बाहेरची ओढ सुमारें ३४० ग्रॅम वजनाइतकी भरते, आणि ती सेकंदाला २३ वेळां चहूंकडे फिरत राहते. इतक्या हिसक्यानें मोटारीचे बेअरिंग झिजतात आणि मग खरखर सुरू होते. पातीं साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें पुसावीं, वांकवूं नयेत. मोटारींत पाणी जाऊं देऊं नये. आंस हातानें हलवून पाहतां तो डगडगत असेल किंवा फिरवितांना खरखरत असेल, तर बेअरिंग बदलून घ्यावें. तेथें बाहेरची कोणतीही युक्ति चालणार नाहीं.

दुसरा उपाय कंप अडविण्याचा, आणि यांतच सर्वांत अधिक गैरसमज आहे. पंख्याच्या पायांखालीं चार रबरी वॉशर घातले कीं काम झालें, असें मिस्त्री सांगतो. तें बहुधा होत नाहीं. कारण समजण्यासाठीं झोपाळा डोळ्यांपुढें आणा. झोपाळ्याच्या स्वतःच्या लयीला धरून हलकेंच ढकललें, तरी तो उंच जातो; पण सेकंदाला पांच-पांच वेळां धक्के दिले, तर तो जागचा हलत नाहीं. मऊ पदार्थावर ठेविलेल्या पंख्याचीही अशीच एक स्वतःची लय असते. ती जितकी संथ, तितकी पंख्याच्या जलद धक्क्यांची दाद खालच्या फळीला कमी लागते.

ही लय काढण्यास यंत्र नको, फूटपट्टी पुरे. पंखा ठेवण्यापूर्वीं आणि ठेविल्यावर रबराची उंची मोजावी. पंख्याच्या भारानें रबर किती मिलिमीटर दबलें तें पाहून त्या संख्येचें वर्गमूळ काढावें, आणि १६ या संख्येस त्यानें भागावें. म्हणजे सेकंदाला किती आवर्तनांची लय आहे तें ढोबळ मानानें कळतें. रबर ४ मिलिमीटर दबलें, तर लय सेकंदाला ८. पंख्याचे धक्के २३, म्हणजे जवळजवळ तिप्पट. अशा वेळीं फळीपर्यंत सुमारें सातवाच हिस्सा जोर पोंचतो. रबर १ मिलिमीटरच दबलें, तर लय १६ होते आणि जवळजवळ सगळा जोर खालीं उतरतो. आणि टणक वॉशर अर्धाच मिलिमीटर दबला, तर लय २२ च्या आसपास जाते, पंख्याच्या वेगाशीं जुळते आणि कंप कमी होण्याऐवजीं वाढतो! पंख्याचा वेग या लयीच्या निदान दीडपट असल्याशिवाय लाभ नाहीं, आणि तिप्पट असल्यास चांगला लाभ आहे. रबर व फोम हलत्या भाराला जरा अधिक ताठ वागतात, म्हणून हिशेबापेक्षां थोडा अधिक दबणारा पदार्थ घ्यावा. मात्र तो पार चपटा होतां कामा नये. चेपून गेलेला फोम आणि लांकूड यांत भेद नाहीं.

पंखा हलका असल्यामुळें रबर पुरेसें दबत नाहीं, ही येथें खरी अडचण असते. तिच्यावर उत्तम तोड म्हणजे पंख्यास वजन देणें. सुमारें एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड असा शहाबादी फरशीचा तुकडा घ्यावा. त्याचें वजन सहा किलोच्या जवळपास भरतें. पंखा त्या फरशीवर बोल्टांनीं पक्का करावा आणि फरशीच्या चार कोपऱ्यांखालीं स्पंजी रबराचे चार सारखे ठोकळे ठेवावे. फरशीच्या वजनानें रबर दबतें, आणि जड फरशीला हलविण्यास पंख्याला अधिक कष्ट पडत असल्यामुळें मूळ थरथरही घटते. माळा सिमेंटच्या स्लॅबचा किंवा भक्कम लांकडाचा असेल, तरच हा उपाय करावा. फॉल्स सीलिंगवर असा भार कदापि ठेवूं नये. तेथें पंखा वरच्या स्लॅबला स्प्रिंगांच्या टांगणीनें टांगावा. साधी दोरी केवळ आडवे हेलकावे अडविते, उभा कंप तिच्यांतून वर जातोच. म्हणून टांगणीस स्प्रिंग किंवा ताणणारें रबर हवें. टांगलेल्या पंख्यास तारेचा एक सैल फांस वेगळा बांधून ठेवावा, म्हणजे टांगणी तुटली तरी पंखा कोणाच्या डोक्यावर येणार नाहीं.

इतकें करूनही कंप एखाद्या चोरवाटेनें निसटतो. पंखा रबरावर तरंगतो आहे, परंतु त्यास जोडलेली ताठ पीव्हीसी नळी भिंतींत सिमेंटनें चिणलेली आहे, अशी स्थिति वारंवार आढळते. मग पायांखालच्या रबराला काय अर्थ? पंख्याच्या दोन्ही तोंडांशीं वीतभर लांबीचा मऊ तुकडा, कॅनव्हासचा किंवा रबरी, पट्ट्यानें आवळून बसवावा. नळी भिंतींतून जाते तेथें तिच्याभोवतीं बोटभर फट ठेवून ती फोमनें भरावी. विजेच्या तारेलाही थोडा ढील असावा. शेवटीं पंखा हातानें हलकेंच ढकलून पाहावा. तो सर्व बाजूंनीं मोकळेपणानें डोलला पाहिजे. कोठें अडखळला, तर चोरवाट तेथेंच आहे.

आतां हवेची वाट. नळी जितकी अरुंद, तितका वारा जलद धांवतो, आणि जलद वारा ओरडतो. तासाला १०० घनमीटर हवा ४ इंची नळींतून न्यावयाची, तर तिचा वेग सेकंदाला सुमारें साडेतीन मीटर होतो. तीच हवा ६ इंची नळींतून नेली, तर दीड मीटर. घड्यांची लवचिक नळी स्वस्त पडते, पण ती ढिली सोडल्यास आंत चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणी वाऱ्याला अडवून आवाज करते. म्हणून ती ताणून, झोळ न ठेवतां बसवावी. कोपरे थोडे असावे व मोठ्या वळणाचे असावे. पंख्यांत शिरण्यापूर्वीं नळीचा निदान फूटभर भाग सरळ असावा. वळणावरच पंखा बसविला, तर गोंधळलेली हवा पात्यांवर आदळून भुणभुण करते. बाहेरच्या जाळीवर कचरा सांचला आहे काय, आणि वाऱ्यानें फडफडणारी झडप आपल्या चौकटीवर टकटक आपटते काय, हेंही पाहावें. झडपेच्या चौकटीस नमद्याची किंवा मऊ रबराची पातळ पट्टी चिकटविली कीं तो आवाज बंद होतो. पंखा आणि स्नानगृहाची जाळी यांच्यामध्यें मीटरभर लांबीची, आंतून छिद्रें असलेली व बाहेरून ग्लासवूलचें अस्तर असलेली नळी घातली, तर उंच पट्टीचा आवाज बराच जिरतो. खर्जाचा आवाज मात्र तिला फारसा दाद देत नाहीं.

सर्वांत सोपा उपाय वेग कमी करण्याचा. पंख्याचा वेग पंचमांशानें उतरविला, तर आवाज सुमारें ५ डेसिबेलनें उतरतो. वेग अर्धा केला, तर सुमारें १५ डेसिबेलनें. हवा मात्र वेगाच्या प्रमाणांतच घटते. यावरून खरेदीचा एक नियम निघतो: लहान पंखा जोरांत पळविण्यापेक्षां मोठा पंखा सावकाश चालविणें केव्हांही श्रेयस्कर. वेग उतरविण्यासाठीं रेग्युलेटर लावतांना तो कपॅसिटरच्या पायऱ्यांचा घ्यावा, आणि तो आपल्या मोटारीस चालतो कीं नाहीं हें वायरमनला आधीं विचारावें. विजेची लाट मध्येंच कापणाऱ्या रेग्युलेटरनें वेग उतरतो खरा, पण मोटार गुणगुणूं लागते. बीएलडीसी मोटारीच्या पंख्यास त्याची स्वतःची वेगयंत्रणा असते. त्यास बाहेरचा रेग्युलेटर लावूं नये.

कांहीं उपाय लोकप्रिय आहेत, पण निरुपयोगी. भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठे किंवा थर्माकोल चिकटविल्यानें पलीकडचा आवाज थांबत नाहीं. आवाज अडविण्यास वजन लागतें, आणि या वस्तूंस वजनच नाहीं. मोटारीवर गोधडी पांघरणें तर धोक्याचें आहे. तिची उष्णता बाहेर जाण्यास वाट राहत नाहीं आणि आगीचें भय उत्पन्न होतें.

माझ्या परिचयाच्या एका इमारतींत दोन शेजाऱ्यांचें अशाच पंख्यावरून कित्येक महिने बोलणें बंद होतें. एकाच्या घरांत परीक्षेस बसलेली मुलगी, दुसऱ्याच्या घरांत रात्रपाळीहून येऊन स्नान करणारा मुलगा. दोघांचीही बाजू खरी! पाहूं गेल्यावर असें दिसलें कीं, पंख्याची फळी दोन्ही घरांमधील सामाईक भिंतींत ठोकलेल्या ब्रॅकेटवर होती. ती फळी काढून पंखा फरशीवर आणि फरशी रबरावर ठेविली, नळीस मऊ जोड दिला, पातीं पुसलीं. अर्ध्या दिवसाचें काम होतें. मुलीच्या आईनें त्या रात्रीं पंखा चालू आहे कीं बंद, हें विचारण्यास म्हणून शेजारचें दार वाजविलें, आणि बंद पडलेलें बोलणें तेथून सुरू झालें.

कायद्याचाही येथें थोडा उल्लेख करावयास हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांत वस्तीच्या भागासाठीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे; ती परिसराच्या आवाजाची. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९९ मध्यें शयनगृहासाठीं सुचविलेलें प्रमाण ३० डेसिबेलचें आहे, म्हणजे याहून पुष्कळच कडक. परंतु पंख्याच्या प्रश्नांत कायद्याच्या पुस्तकापेक्षां पाना आणि फूटपट्टी हीं अधिक लवकर न्याय देतात, असा अनुभव आहे.

तेव्हां क्रम एवढा ध्यानांत ठेवावा: आधीं वाट ओळखावी, मग पातीं पुसावीं, नंतर पंखा भिंतीपासून सोडवून जड फरशीवर व मऊ रबरावर ठेवावा, चोरवाटा बंद कराव्या, नळी रुंद व सरळ करावी आणि शेवटीं वेग उतरवावा. माळ्यावर चढण्यापूर्वीं मेन स्विच बंद करण्यास आणि शिडी धरण्यासाठीं कोणास तरी बोलावण्यास विसरूं नये. शेजाऱ्यालाच बोलाविलें तर अधिक उत्तम. आवाज गेला कीं नाहीं, तें त्याच्याइतकें अचूक दुसरें कोण सांगणार? एवढें बोलून मी आपली रजा घेतों.